धागा तुटलाय, बीम संपलं न्हाय

भिवंडीत आजवर जितकी माणसं जन्मली आणि पोटासाठी जितकी बाहेरून आली, त्या सगळ्यांत अंतराळात घर असलेला माणूस एकच होता, आणि तो माझा साडू होता. जमिनीवरही त्याचं एक घर होतं, कोनला, रस्त्याच्या कडेला. पण तिथे तो जेवायला आणि झोपायला तेवढा येत असे. बाकीचा वेळ तो दोनच ठिकाणी सापडायचा: यंत्रमागाच्या खाली, नाहीतर ताऱ्यांच्या वर. मधल्या जगाशी, म्हणजे रेशनकार्ड, लग्नाच्या तिथी, सासुरवाडीचे मानपान वगैरेंशी, त्याचा संबंध बायकोनं हाताला धरून नेलं तरच यायचा.

पेशानं तो जॉबर. कामगार माग चालवतो, आणि माग अडला की ज्याच्या नावानं बोंब मारतो तो जॉबर. बोंब मारून उपयोग नसतो हा भाग वेगळा. शेडात मागांचा खडखडाट असा की शेजारी उभ्या माणसाचं बोलणंसुद्धा कानापर्यंत पोचत नाही, आणि वर्षानुवर्षं त्यात काढलेल्या माणसाला बाहेर आल्यावरही नीट ऐकू येत नाही. म्हणून आमच्या धंद्यात खुणा चालतात. तळहात गळ्याजवळून आडवा फिरवला, की बीम संपलं. म्हणजे मागावरचं ताण्याचं सूतच संपलं, आता माग बंद. आणि अंगठा तर्जनीवर घासला, की नुसता धागा तुटलाय, गाठ मारतोय, जरा थांब. आमच्या दोघांचं पुढचं सगळं भांडण या दोन खुणांवरच झालं.

मी सुरुवात चिंध्यांपासून केली. शेडांच्या मागे फेकलेलं वेस्ट सूत गोणीत भरून विकलं, घासाघीस करत करत स्वतःची शेड उभी केली. माझ्याशी भाव करून जिंकलेला माणूस भिवंडीत दाखवा, मी त्याला चहा पाजीन. अंजूरच्या सासऱ्यांनी धाकटी मुलगी द्यायच्या वेळी "चिंधीवाला" म्हणून नाक मुरडलं होतं, तेव्हा ओसरीवर बसलेला थोरला जावई एवढंच म्हणाला होता, "द्या. चिंधीतनं कापड काढील हा माणूस." तेव्हापासून मला एकच वाटायचं: हा माणूस माझ्या शेडात जॉबर म्हणून पाहिजे. त्याच्यासारखा हात नव्हता. रुसलेल्या मागाच्या अंगाला तो नुसता कान लावायचा, बहिरा कान, आणि पाना फिरवायचा. मी नाना तऱ्हांनी त्याला बोलावलं. दर वेळी तो हसून म्हणायचा, "नको रं शेट. नात्यात नोकरी केली की नातं बी जातंय नि नोकरी बी." खरं कारण मला माहीत होतं. तो जिथे कामाला होता त्या शेडाच्या समोर व्हिडिओ पार्लर होतं.

त्या पार्लरमध्ये ऐंशीच्या दशकात अंतराळाच्या परदेशी पिक्चरांची एक मालिका यायची. एक जहाज, एक कॅप्टन, त्याची माणसं, त्यातला एक हिरव्या तोंडाचा. आणि या ताऱ्यावरून त्या ताऱ्यावर हिंडणं. भाषा इंग्रजी, ती पार्लरमध्ये कुणाच्या बापाला कळत नसे. पण साडूचं कुठे अडत होतं? त्याला तशीही कुठली भाषा ऐकू येत नव्हती. तो तोंडं वाचायचा, हातवारे वाचायचा आणि पहिल्या बाकावर बसून सगळ्यांना गोष्ट सांगायचा, तीही शेडातल्या आवाजात. उत्तरेकडून आलेले कामगार मागून विचारायचे, "जॉबरसाब, ये हरावाला क्या बोला?" हा मान न वळवता सांगायचा, "बोला, पहले बोनस की बात करो, फिर लढाई." साडूच्या हिशेबानं दुष्ट सम्राट म्हणजे शेट, हिरवा म्हणजे शेटचा हिशेब लिहिणारा मेहता, आणि कॅप्टन हा जॉबर; कारण जहाज बंद पडलं की सगळे त्याच्याच तोंडाकडे बघतात. मूळ गोष्ट काय होती देव जाणे. भिवंडीत जी चालली ती माझ्या साडूची.

शिवाय कॅसेटी यायच्या उलटसुलट. आम्ही आधी तिसरा भाग पाहिला, पहिला नंतर आला. तिसऱ्यात जहाजाचा म्हातारा डॉक्टर मरतो. चांगला मरतो, डोळे मिटून, लोक रडतात. पुढे दोनेक महिन्यांनी पहिला भाग लागला, तर तोच डॉक्टर पहिल्याच सीनमध्ये हसत कपातून काहीतरी पितोय! साडू बाकावर उभा राहिला. "बघा! आला का न्हाय परत? मी काय सांगत होतो?" सगळं पार्लर टाळ्या वाजवायला लागलं. मी ओरडून ओरडून सांगितलं, "अहो साडूभाऊ, हा आधीचा भाग आहे! तो मरायचाय अजून!" त्यानं माझ्याकडे दयेनं बघितलं. "शेट, मी डोळ्यानं बघितलंय. आधी मेला, मग आला. तुझा हिशोब तुझ्यापाशी ठेव." त्या दिवसापासून मरण ही पक्की गोष्ट आहे यावरचा त्याचा विश्वास उडाला, तो मी काही केल्या परत बसवू शकलो नाही.

त्याचं वेड घरातल्यांनाही सोसावं लागायचं. एकदा आम्ही दोन्ही घरची माणसं वज्रेश्वरीला गेलो होतो. देवदर्शन झालं, गरम पाण्याच्या कुंडावर आलो. हा पाण्यात उतरला, हातपाय पसरून उताणा तरंगायला लागला आणि डोळे मिटून मोठ्यानं सांगू लागला, "अंतराळात असंच असतंय. वजन न्हाय, आवाज न्हाय." काठावर ओळीत उभी असलेली माणसं खोळंबली. एक आजीबाई ओरडल्या, "अरे, मेला का काय हा?" ताई, म्हणजे त्याची बायको, काठावरून साडीचा पदर तोंडाला लावून म्हणाली, "मेले न्हाईत, वर गेलेत. येतील खाली, भूक लागली की." आणि खरंच, कांदाभजीचा वास आला तसा तो पृथ्वीवर उतरला.

मग तो भाग आला ज्यानं आमचं वाटोळं केलं. त्यात शेवटी जहाजाचा एक दरवाजा बाहेरूनच बंद करावा लागणार असतो. कॅप्टन एका छोट्या यानात बसून एकटा बाहेर जातो, दरवाजा लावतो, जहाज वाचतं, आणि त्याचं यान लांब लांब काळोखात जात जात ठिपका होतं. संपलं. त्या छोट्या यानाला पिक्चरमध्ये शटल म्हणत होते. हा एक शब्द मात्र सगळ्या पार्लरला कळला. शटल म्हणजे आमचा धोटा, मागावर बाणा, म्हणजे आडवं सूत, घेऊन इकडून तिकडे पळतो तो. झालं! साडूनं चहाच्या टपरीवर निकाल देऊन टाकला. "धोटा गेलाय. धोटा जातो तो परत यायलाच. न्हायतर कापड व्हईल कसं?"

मी म्हणालो, "साडूभाऊ, धोटा कधीकधी उडतो पण. उडालेला धोटा परत येत नाही, कुणाच्या तरी कपाळात बसतो." त्याच्या कपाळावर तसल्याच उडालेल्या धोट्याचा व्रण होता. टपरीवरचे सगळे हसले. तो व्रणावरून बोट फिरवत म्हणाला, "बसला ना? मग? मी आलोच की दुसऱ्या दिवशी ड्युटीला."

त्यानंतर काही वर्षं भिवंडीतल्या निदान चार-सहा शेडांत दोन तट होते. डे शिफ्टचं म्हणणं कॅप्टन मेला, नाईट शिफ्टचं म्हणणं जिवंत आहे. मी दिसलो की साडू रस्त्याच्या पलीकडून अंगठा तर्जनीवर घासायचा: धागा तुटलाय. मी गळ्याजवळून हात फिरवायचो: बीम संपलंय. येणारेजाणारे समजायचे, कसला तरी सौदा चाललाय. तसा तो सौदाच होता. कारण एकदा अंजूरच्या ओसरीवर, सासऱ्यांच्या देखत, मी त्याला शब्दात पकडला. "पुढच्या भागात कॅप्टन मेलेला निघाला तर दुसऱ्या दिवशी माझ्या शेडात जॉबर म्हणून यायचं. सबब चालणार नाही."

"आणि परत आला तर?"

"मागाल ते."

"तर हितंच, या ओसरीवर, कान धरून म्हणायचं, मी चुकलो."

सासरे इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी चुकलो हे वाक्य माझ्या तोंडून कुणी ऐकलेलं नव्हतं. मी हात पुढे केला. ठरलं: पुढचा भाग आला की दोघांनी शेजारी बसून पाहायचा, आणि बाहेर पडल्यावर शब्द पाळायचा. तोपर्यंत मी माझ्या शेडात कायमचा जॉबर नेमला नाही. जो येईल त्याला सांगायचो, जागा भरलेली आहे, माणूस यायचाय.

नव्वदीचं दशक लागलं, पार्लरं कमी झाली, घरोघरी केबल आलं. साडू खोकायला लागला. तसे आमच्या धंद्यात सगळेच खोकतात. छातीत कापूस जातो. अशात कळलं की तो नवा भाग मुंबईत लागलाय. मी निरोप धाडला, रविवारी जाऊ. रविवारी कपडे करून कोनला गेलो. तो खाटेवर बसला होता. म्हणाला, "मी बघितला."

"कधी?"

"परवा गेलो होतो मुंबईला. कामानं."

"एकटे? माझ्याशिवाय? ठरलं काय होतं?"

तो खाटेवरची चादर सारखी करायला लागला.

"बरं, मग निकाल सांगा. मेला का आला?"

"तू बघ, मग बोलू."

"मी कशाला बघू? शर्त लावली ती शेजारी बसून बघायची!"

मी काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही, पण एकही शब्द खोटा नव्हता. बाजारात उभ्या उभ्या दिलेला शब्द माणसं मरेपर्यंत पाळतात, आणि हा घरचा माणूस ओसरीवर दिलेला शब्द मोडून एकटा जाऊन बसला. ताई आतून चहा घेऊन आली, तो तसाच टाकून मी निघालो. त्यानंतर होळी गेली, गौरी-गणपती गेले, मी कोनची वाट धरली नाही. तो भागही पाहिला नाही. का म्हणून पाहावा?

मग एके दिवशी दुपारी ताई एकटीच माझ्या शेडाच्या दारात आली. म्हणाली, "भाऊजी, त्यांना ठाण्याला दवाखान्यात ठेवलंय. आवाज गेलाय पार. तुम्हाला बोलावलंय, असं न्हाय म्हणत मी. पण दारावर कोण आलं की बघतात."

मी गेलो. खाटेवर अर्धाच साडू उरला होता. दवाखान्यात शांतता इतकी, की त्याच्या छातीतली घरघर ऐकू येत होती. आयुष्यभर खडखडाटात राहिलेल्या माणसाला ती शांतता शोभत नव्हती. मला काय बोलावं सुचेना. माझा स्वभाव असा की सुचलं नाही की मी भांडतो. मी म्हणालो, "साडूभाऊ, माझी शर्त राहिलीय. आज निकाल घेतल्याशिवाय जाणार नाही. कॅप्टन मेला ना?" आणि त्याला दिसावं म्हणून गळ्याजवळून हात फिरवला.

तो माझ्या हाताकडे बघत राहिला. मग त्याचा उजवा हात चादरीवरून थोडा उचलला, आणि अंगठा तर्जनीवर घासला गेला. हळूहळू, पण चुकीला जागा नाही अशी खूण. धागा तुटलाय. गाठ मारतोय. जरा थांब.

"म्हणजे मी हरलो?" मी विचारलं. तो हसला, आणि तेवढ्यानं त्याला खोकल्याची उबळ आली. नर्सनं मला बाहेर काढलं. दोन दिवसांनी तो गेला.

तेराव्यानंतर ताईनं सांगितलं. त्या दिवशी तो मुंबईला गेला होता तो मोठ्या डॉक्टरकडे. डॉक्टर म्हणाले, छातीत काही राहिलेलं नाही, यापुढे मागाच्या शेडात पाऊल टाकायचं नाही. तिथून बाहेर पडला तर समोरच्या थिएटरवर तो पिक्चर लागलेला. तो आत जाऊन बसला. घरी आला आणि ताईला एवढंच म्हणाला, "शेटला काय सांगू गं आता?" ताईला वाटलं, आजाराबद्दल म्हणतोय.

पुढे ती कॅसेट भिवंडीत आली. पार्लरचा मालक मला म्हणाला, शेट, तुम्ही या. मी गेलो आणि मागे बसलो. सुरुवातीलाच जहाजावरची सगळी माणसं रांगेत उभी. मधे एका मेजावर कॅप्टनची टोपी. हिरव्या तोंडाचा पुढे येतो, टोपीला हात लावतो, डोळे पुसतो. मग कॅप्टनच्या खुर्चीवर दुसराच एक माणूस येऊन बसतो, आणि जहाज निघतं. पुढचे दोन तास कॅप्टनचं नाव नाही. इंग्रजी कळायची गरजच नव्हती.

शर्त मी जिंकलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या शेडात यायला हवा होता. हरलो म्हणाला असता तर शब्दासाठी आला असता, डॉक्टरचं न ऐकता आला असता. आणि आपल्या शेडात तो मेला हे मला आयुष्यभर वागवावं लागलं असतं. म्हणून त्यानं निकालच दिला नाही. मी एवढा भाव करणारा माणूस, पण असा भाव माझ्याशी कुणी केला नव्हता. तरी माझी तक्रार आहे ती आहेच. मला सांगायला हवं होतं. बिनकामाचा म्हणून आणून बसवला असता मी त्याला, शेडाच्या बाहेर, झाडाखाली, खुर्ची टाकून.

पिक्चर संपला. दिवे लागले. पहिल्या बाकावरची ती जागा कुणी घेतली नव्हती. जुने कामगार मागे वळून माझ्याकडे बघत होते. त्यातला एक, आता केस पिकलेला, म्हणाला, "सेठ, कुछ समझ में नहीं आया. जॉबरसाब होते तो बताते. कॅप्टन मर गया क्या?"

मी हात गळ्यापर्यंत नेला होता. तो तिथून खाली घेतला, सगळ्यांना दिसेल असा समोर धरला, आणि अंगठा तर्जनीवर घासला.

"धागा टूटा है," मी म्हणालो. "बीम बाकी है."