पाटावरचे गुलाबी शूज

पहिल्यांदा ते शूज माझ्या हातात आले तेव्हा त्यांतला डावा कुठला आणि उजवा कुठला हेच मी शोधत बसले. पिशवीभर होते, लहान मुलींचे, फिक्या गुलाबी रंगाचे, मोज्यासारखे मऊ. दोन्ही पायांचे अगदी सारखे. मला वाटलं, दुकानदाराने चुकून सगळे एकाच पायाचे दिले.

मी घरीच शिवण करते. फॉल-पिको, ब्लाउज, गणवेशाची दुरुस्ती. तेव्हा नवीन पनवेलच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये मुंबईहून एक बाई येऊन मुलींना बॅले शिकवायला लागल्या होत्या. शूजना इलॅस्टिक लावून देणारं कोणी त्यांना हवं होतं, म्हणून माझ्या एका गिऱ्हाइकाने माझं नाव सांगितलं. सगळ्या मुली त्यांना मिस म्हणायच्या, मग मीही म्हणायला लागले. बॅले म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं आणि विचारायला लाज वाटली. डाव्या-उजव्याचं मात्र विचारलं. मिस हसल्या. "ताई, यात डावं-उजवं नसतं. घालून घालून ते आपोआप ठरतं."

घरी येईपर्यंत मी त्याचाच विचार करत होते. आपण चप्पल घेतो ती आधीच ठरलेली असते. ही पायाची वाट बघणारी चप्पल मी पहिल्यांदा पाहिली.

शूज पोचवायला जाताना लेकीला बरोबर न्यायचे. दुसरी-तिसरीत असेल ती. मी दारातूनच पिशवी द्यायचे, आणि ती दारातच अडकून बसायची. आत मुली भिंतीला लावलेल्या दांडीला धरून गुडघे वाकवायच्या, सरळ व्हायच्या, पुन्हा वाकवायच्या. बस, एवढंच. मला वाटायचं, नाच कधी सुरू होणार? एकदा मी तसं लेकीला म्हणाले, तर ती म्हणाली, "आई, हाच नाच आहे. बघ ना, कोणीच हलत नाहीये आणि सगळ्या दमल्यात." काही दिवसांनी मिसनीच तिला आत बोलावलं. माझ्या शिवणाच्या बदल्यात ती शिकायला लागली. पुढे दहावी झाली, कॉलेज सुरू झालं, बरोबरीच्या मुली एकेक करून गळल्या, ही राहिली.

मग पॉइंटचे शूज आले. हे घालून पायाच्या अगदी बोटांच्या टोकावर उभं राहतात. बाहेरून साटिनचे, चमकणारे, आणि पुढचा भाग ठोकला तर लाकडासारखा वाजायचा. त्यांच्या रिबिनी मीच शिवायचे. शूजच्या काठात एक बारीक दोरी असते, तिच्यातून टाका गेला तर ती ओढता येत नाही, म्हणून प्रत्येक टाका दोरीला चुकवून घ्यायचा. पुढच्या टोकाला जाड दोऱ्याने रफू करायचं, म्हणजे फरशीवर पाय घसरत नाही. पहिल्या दिवशी लेकीने ते कोरे शूज घेतले आणि जिन्याच्या पायरीवर आपटायला सुरुवात केली. धाड, धाड. सासूबाई ओटीवरून ओरडल्या, "काय गो, कोरी वस्तू मारतंस? शेजारी काय म्हनतील, या घरातल्या पोरी चपला धुतात नाय, बडवतात!"

"आजी, आवाज जायला हवा यांचा. नाहीतर स्टेजवर टक टक वाजतात."

"मग घालतंस कशाला? आमी आख्खा जनम अनवानी काढला, कंदी वाजलो नाय."

सासूबाई बेलापूरकडच्या मिठागरात वाढल्या. लग्न होऊन इकडे आल्यावरही बरीच वर्षं मिठागरात गेल्या. त्यांना नातीचं हे वेड मुळीच पटत नव्हतं. ती दाराच्या कडीला धरून टाच उचलायची, की त्या म्हणायच्या, "झाली कोंबडी उभी."

आत काय असतं, हे मला राहून राहून वाटायचं. लाकूड की पत्रा? पॉइंटचे शूज काही महिन्यांत मऊ पडतात, त्याला मुली 'शूज मेले' म्हणतात. असा एक मेलेला जोड मी लेकीकडून मागून घेतला आणि दुपारी घरात कोणी नसताना त्यातला एक कात्रीने उघडला. लाकूड नाही, पत्रा नाही. गोणपाटासारखं कापड, कागद, पुन्हा कापड, आणि मधे सगळी वाळलेली खळ. शर्टाच्या कॉलरमध्ये आपण कडक कापड घालतो ना, तसंच, पण थरावर थर. एवढ्यावर माझी लेक उभी राहते! मग मी एक पाय त्या दुसऱ्या, न कापलेल्या शूजमध्ये घालून बघितला. अर्धा पाय बाहेर राहिला. ओट्याला धरून टाच उचलली. माळ्यावरचा डबा काढताना मीही चवड्यावर उभी राहते, पण हे तसं नव्हतं. बोटं म्हणाली, पुरे.

लेक एकोणीस वर्षांची झाली तेव्हा घरात बोलणं सुरू झालं. हे तळोज्याला केमिकल कंपनीत शिफ्टला जातात. त्यांच्या ओळखीने तिथेच एका कारखान्यात पॅकिंगला मुली घेत होते. लेकीला बॅले शिकवणारी व्हायचं होतं. मिसनी सांगितलं, मुंबईच्या एका संस्थेत शिकवणाऱ्यांचं प्रशिक्षण असतं, दोन वर्षांचं. दसऱ्यानंतर तिथे निवड आहे. तिथे घेतलं तर मिस तिला इथल्या लहान मुलींचा वर्ग लगेच देणार होत्या.

"आणि नाही घेतलं तर?" ह्यांनी विचारलं.

लेक बोटाला रिबीन गुंडाळत बसली.

"नाही घेतलं तर तळोजा. मी वर्षभर थांबवून ठेवू शकत नाही त्यांना. एकदा जाऊन ये. मोकळी हो."

"पप्पा, पॅकिंगला आठ तास उभं राहायचं असतं ना?"

"हो. पण टाचा टेकून."

सगळे हसले, तीही हसली, पण तेव्हापासून ती जेवताना बोलेनाशी झाली.

निवडीसाठी मिसनी तिला नवे शूज मागवून दिले. ते परदेशातून यायचे, हवे तेव्हा मिळायचे नाहीत. जुना जोड मरायला आला होता. नवा तिने आपटून, वाकवून, थोडा थोडा वापरून तयार केला. रिबिनी, रफू, सगळं मी केलं. आता हात लावायचा नाही असं सांगून तिने तो कापडात गुंडाळून कपाटावर ठेवला.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. कोयता, विळी, ह्यांचे पाने, माझी कात्री, मशीन. त्या दिवशी मी झेंडू आणायला बाजारात गेले होते. परत आले तर सासूबाईंनी पाट मांडून पूजा उरकलीही होती. रांगोळी काढलेली, कोयत्याला कुंकू, कात्रीला कुंकू. आणि मधोमध, कोयत्याच्या शेजारी, ते गुलाबी शूज. दोन्हींच्या पुढच्या टोकावर ओल्या हळदीकुंकवाची बोटं. साटिनने पाणी ओढून घेतलं होतं आणि कुंकू खाली पसरत चाललं होतं.

माझ्या हातातले झेंडू तसेच राहिले. मला एवढंच कळेना की पायातली वस्तू पाटावर ठेवणारी ही बाई आमच्या सासूबाईच आहे का. आमच्या घरात चप्पल उंबऱ्याच्या आत आलेली त्यांना चालत नाही.

तेवढ्यात लेक आली. तिने पाट बघितला. तशीच उभी राहिली.

"आजी, हे काय केलंस?"

"पूजा क्येली. दुसरं काय?"

"माझे शूज आहेत ते! परवा जायचंय मला!"

"म्हनूनच क्येली. परवा लढायला जातंस, मग हत्यार कोन पुजनार?"

"चपला आहेत त्या, आजी. तूच म्हणतेस."

सासूबाई पाटाकडेच बघत होत्या. म्हणाल्या, "परवा तू झोपली व्हतीस, तवा तुजी बोटं बगितली मी. नखं काळी पडल्यात. मिठागरात आमचे पाय असेच फुटायचे. चिखल चोपायचो ना आमी, वाफा घट व्हईपरत, धा-धा बाया रांगंत, एका तालावर. हातात काय नसायचं. पायच हत्यार. त्याला कुनी कवा कुंकू लावला नाय."

लेक खाली बसली, आणि शूजना नाही, आजीच्या पायांना हात लावून बघायला लागली. भेगा अजून होत्या. तिने बहुतेक त्या आधी कधी नीट पाहिल्याच नव्हत्या.

पण डाग होतेच. सासूबाई म्हणाल्या, साबणाने धू. मी म्हणाले, पाणी नको. आतली खळ विरघळली की शूज गेला, हे मी उघडून पाहिलं होतं. हळद उन्हात उडते म्हणून टोकं उन्हाकडे करून गच्चीवर ठेवले. संध्याकाळपर्यंत हळद फिकी झाली, कुंकू तसंच. मग लेकीने मिसना फोन लावला. मिस म्हणाल्या, चमक घालवायला मुली शूजना कॅलामाइन लावतात, ते गुलाबी औषध, घामोळ्यावरचं. त्याने झाकलं तर झाकेल.

मी मेडिकलमध्ये गेले. दुकानदार म्हणाला, "काकी, ऑक्टोबर हीट! कोणाला आलंय घामोळं?"

मी म्हणाले, "मुलीला." शूजना म्हणायचं धाडस झालं नाही.

दोन हात दिले. डाव्यावरचा डाग झाकला. उजव्यावर मात्र टोकाच्या जरा वर बोटाएवढी तांबूस खूण राहिलीच. या शूजनाही डावं-उजवं नसतं, पण डागाने आता डावा ठरला होता. उजवाही.

मुंबईला मी तिच्याबरोबर गेले. मोठा हॉल होता, दाराला बरीच वर काचेची पट्टी. आत तिघी बाया खुर्च्यांवर. मी बाहेर बाकावर बसले, मग राहवेना म्हणून दाराशी जाऊन उभी राहिले. माझी उंची कमी, काचेच्या काठापर्यंतच डोळे पोचत होते. टाचा उचलल्या तेव्हा दिसलं. तशीच उभी राहिले, जमेल तेवढा वेळ.

ती नाचली. मला त्यातलं बरं-वाईट कळत नाही, पण एकदा वळताना ती डगमगली हे मलाही दिसलं. तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. मला तळोज्याचं गेट दिसायला लागलं. नाच संपल्यावर मधल्या बाईंनी तिच्या पायाकडे बोट दाखवलं आणि काहीतरी विचारलं. दार घट्ट लागलेलं नव्हतं, लेकीचं बोलणं मला ऐकू आलं. तिने सरळ सांगितलं. पूजा, कोयता, आजी, मिठागर. कोणीतरी हसलं, पण वाईट नाही.

मग आतल्या दाराने लहान मुली आणल्या, पाच-सहा वर्षांच्या. आता तिने यांना शिकवून दाखवायचं होतं. गुडघे वाकवायचे आणि सरळ व्हायचं, तेच, जे मी कितीतरी वर्षांपूर्वी दारातून बघितलं होतं. लेकीने इंग्रजीत सुरुवात केली. मुली इकडेतिकडे बघत होत्या, एक तर जमिनीवर बसलीच. लेक थांबली. मला वाटलं, संपलं.

मग ती म्हणाली, "चला, आपण चिखलात उभ्या आहोत. समुद्राजवळ. इथे मीठ पिकवायचंय. सगळ्यांनी रांग करा." मुली रांगेत आल्या. "चिखल मऊ आहे, पाय हळूच रुततोय... रुततोय... गुडघे वाकले? आता हळूच पाय वर काढा. धक्का दिलात तर चिखल उडेल. सगळ्यांनी एकदम. एक बाई चुकली तर सगळा वाफा बिघडतो." बसलेली मुलगी उठली आणि रांगेत घुसली. सगळ्या वाकल्या, सरळ झाल्या, पुन्हा वाकल्या. मधली बाई खुर्चीतून पुढे सरकली.

माझ्या पोटऱ्या भरून आल्या आणि मी टाचा टेकल्या. पुढचं दिसलं नाही.

दिवाळीच्या आधी संस्थेतून फोन आला, तिला घेतलं होतं. हे शिफ्टहून येऊन चहा घेत होते. लेकीने सांगितलं तेव्हा कप खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे तळोज्याला नको म्हणून सांगायचं." जरा वेळाने पुन्हा म्हणाले, "मग सांगतो तसं." आणि उरलेला चहा न पिताच उठले. चहावर साय धरली तरी कप तिथेच होता.

पुढच्या खंडेनवमीपर्यंत ती पनवेलच्या वर्गात शिकवायला लागली होती. त्या दिवशी तिने शहाणपणा करून मेलेला जोड आजीपुढे ठेवला. "घे आजी, याला लाव हवं तेवढं कुंकू."

सासूबाईंनी शूज हातात घेऊन टोक दाबलं. मऊ लागलं. त्यांनी तो बाजूला सारला.

"मेल्याली वस्तू पाटावर ठेवतात? बोथट कोयता ठेवते मी कंदी? चालता हाय तो आन."

"डाग पडतील, आजी!"

"आन तर खरी."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मलाही बघायचं होतं. तिने चालू जोड आणला. सासूबाईंनी तो उलटा केला, तळवे वर, चामड्याची ती अरुंद पट्टी बोटाने पुसली, आणि कोरडं हळदीकुंकू, पाणी न घेता, तळव्यांना लावलं. मग ते शूज तसेच उलटे कोयत्याशेजारी ठेवून खाली वाकल्या, आणि पाटावर डोकं टेकवलं.