विश्व जुळवणारे मामा

आमच्या हिचे मामा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून मुदतीआधीच निवृत्त झाले, ते केवळ विश्वाचं कोडं सोडवण्यासाठी. त्यापेक्षा लहान कामात त्यांना कधी रसच नव्हता. निसर्गातली चारही बलं एकाच समीकरणात बसवायची, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांतली तीन म्हणे एकत्र नांदायला जवळपास तयार होती; गुरुत्वाकर्षण तेवढं रुसून बसलं होतं. नव्वदच्या दशकात इंदिरानगरातल्या त्यांच्या घरी जो जाई, मग तो गॅसवाला असो की लग्नाचं आमंत्रण घेऊन आलेला, त्याला हे रुसवेफुगवे ऐकावेच लागत. एका रविवारी मिसळ खाताना त्यांनी मला मटकी, रस्सा आणि शेव अशी तीन बलं दाखवली आणि पापड उचलून म्हणाले, "हे गुरुत्वाकर्षण, जावईबापू. वेगळ्या ताटलीतच बसतं." मामी ओट्याजवळून म्हणाल्या, "मग चुरून घाला की." मामा मिसळ तशीच टाकून उठले आणि आठवडाभर टेबलाला चिकटून बसले. मामींना त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण रोज मनापासून ऐकणाऱ्या त्या एकट्याच. कन्याकुमारीची सहल दरवर्षी ठरे आणि दरवर्षी समीकरण नेमकं हाताशी आलेलं असे.

मामी अचानक गेल्या. दहाव्याला गोदाकाठी पिंड ठेवून बसलो, पण कावळा शिवेना. अशा वेळी गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा ओळखून तसा शब्द द्यायचा असतो. घर सांभाळू, मामांना एकटं पडू देणार नाही, सगळं म्हणून झालं. ऊन तापलं. शेवटी मामींचा भाऊ म्हणाला, "दाजी, तिचा जन्म तुमच्या त्या गणितात गेला. ते सोडतो म्हणा." असल्या गोष्टींना जन्मभर हसलेले मामा पुढे झाले आणि पिंडाकडे पाहून हळूच म्हणाले, "सोडलं गं." कावळा लगेच उतरला.

नातेवाइकांनी हुश्श केलं. मामांनी घरी येऊन टेबल आवरलं, ते कायमचंच. पुढे कितीतरी वर्षं मी त्यांना डिवचायला नव्या शोधांची कात्रणं नेत राहिलो; ते न वाचताच बाजूला सारायचे. एकदा न राहवून मी म्हणालो, त्या कावळ्याला भूक लागली होती हो मामा, मामींना तर तुमचं ते बोलणं आवडायचं.

"भूक लागली होती, हे मलाही कळतं," मामा म्हणाले. "पण शब्द मी कावळ्याला कुठे दिला होता?"

मग पिशवी घेऊन ते भाजीला निघाले. मेथीची जुडी एकट्याला फार होते, म्हणाले; थांबा जरा, अर्धी तुम्ही घेऊन जा.