तणसाच्या सीटवरून मंडईला

गोंदिया स्टेशनवर भाऊजी मला न्यायला गाडी घेऊन येणार होते. आले ते रिक्षाने. अंगात पांढरा सदरा, आणि सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी स्पार्क प्लग.

"गाडी कुठाय?" मी विचारलं.

"घरी हाये. आज तिले आराम देऊन राहिलो. उद्या काम हाये ना तिले!"

त्या कामासाठीच मला पुण्याहून बोलावण्यात आलं होतं. माझी ताई लग्न होऊन गोंदियाला आली त्याला चाळीस वर्षं झाली. माहेरचं नागपुरी बोलणं मागे पडून ती आता पक्की इकडची झाली आहे. तिला नवरी म्हणून सासरी आणणारी गाडी भाऊजींनी विकली नाही. गेली अकरा वर्षं ती गोंदियालगतच्या मुर्रीतल्या त्यांच्या घराच्या पोर्चमध्ये बंद पडून होती. निवृत्त झाल्यावर भाऊजींनी ती दुरुस्त करायला घेतली आणि घरातल्या वस्तू एकेक करून पोर्चमध्ये जायला लागल्या. अखेर ताईने अट घातली. दिवाळीनंतर भाऊजींच्या गावी मंडई (गावची जत्रा) भरते, तिथे ही गाडी जाऊन स्वतःच्या इंजिनावर परत आली पाहिजे. आली तर राहील. दोर बांधून ओढत आणावी लागली, तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला. भाऊजींनी शब्द दिला आणि ताईने मला फोन केला. "मधू, तू येजो. पंच पायजे. हे मानूस आपल्या मनानं निकाल लावते."

खरं सांगतो, पंच असूनही मी आधीपासूनच ताईच्या बाजूचा होतो. जिच्यात उकडत नाही आणि जी बंद पडत नाही अशी कुठलीही गाडी मला आवडते.

मुर्रीला पोचलो आणि गाडी पाहिली. छोटी, चार दारांची, फिकट निळी. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला आणि पुढची सीट बाकासारखी सलग. बंपर चिंचेने घासून इतका चकचकीत केला होता की त्यात मला माझं पोट दिसलं. कार्बुरेटर साफ झाला होता ताईच्या दात घासायच्या ब्रशने, पेट्रोल गाळलं गेलं होतं चहाच्या गाळणीतून.

"चा बिनगाळणीचाच हाये," ताईने कप पुढे करत सांगितलं. "बुडाशी पत्ती राहील, तेवढं सोडून दे."

मी मागच्या सीटवर बसून पाहिलं. खालून खसखस आवाज आला आणि नुकत्या कापलेल्या शेताचा वास सुटला.

"आतला काथ्या उंदरानं खाल्ला," भाऊजी म्हणाले. "मंग मी तणस (भाताचा पेंढा) भरलं. यंदाचंच, घरच्या धानाचं. मऊ राहते, थंड राहते. सोफ्याले काय करता!"

सकाळी निघालो. भाऊजी चालवायला, मी शेजारी, ताई मागे तणसावर. हँडब्रेक धरत नसल्यामुळे तिच्या पायाशी एक वीट होती. गाडी थांबली की ताईने उतरून ती चाकामागे लावायची, असं ठरलेलं होतं. चाळीस वर्षांच्या संसारात ठरलेल्या गोष्टींना कोणी कारण विचारत नाही.

पहिला थांबा गोंदियाच्या बाजारात. मागच्या खिडकीची काच खाली गेली ती वर येईना, म्हणून भाऊजी तिचं हँडल शोधत होते. सुट्या भागांच्या दुकानदाराने बाहेर येऊन गाडीला एक चक्कर मारली आणि हात जोडले.

"काका, इसका पार्ट अब सीधा भगवान के पास मिलेगा."

"मंग त्याले फोन लाव ना गा," भाऊजी म्हणाले.

फोन लागला नाही. काच खालीच राहिली.

तिरोड्याच्या रस्त्याला लागल्यावर मात्र माझी कुरकुर थांबली. दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या बांध्या (बांध घातलेली भातशेतं), मध्येमध्ये धानाचे पुंजणे (कापलेल्या धानाच्या रचलेल्या गंज्या), आणि हवेत बारीक सोनेरी धूळ. एक मोटारसायकलवाला आमच्या बरोबरीने चालत भाऊजींना ओरडून विचारत होता, "काका, कोन्या साली घेतली?" भाऊजी गाडी चालवायची सोडून त्याला सगळा इतिहास सांगत होते. अखेर ताईनेच मागून त्याला सांगितलं, "तू जाय बाप्पा पुढं, नाही तर आमी तिघंबी नालीत जाऊ."

बोदलकसा तलावाच्या काठावर जेवायला थांबलो. ताईने वीट लावली, डबा उघडला. लाखोरीच्या डाळीचे वडे, भात आणि लसणाची चटणी. लाखोरी ही इकडची धानाच्या बांधीत पिकणारी डाळ. तिच्या वड्यांना असा काही खमंगपणा असतो की मी सहावा वडा उचलताना मोजणं बंद केलं. पाण्यावर मासेमारांचे दोन डोंगे, पलीकडे टेकडीची निळी रेघ. इतकं निवांत मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

तेवढ्यात मागून खसखस ऐकू आली.

एक म्हैस उघड्या खिडकीतून मान आत घालून उभी होती. तिने सीटचं रेक्झिन कधीच फाडलं होतं आणि आता ती मन लावून ताईची जागा खात होती. भाऊजी धावले, शेपटी धरून ओढू लागले. म्हैस ढिम्म. तिचा गुराखी सावकाश चालत आला आणि उलट आमच्यावरच चिडला.

"तनस ठेवता अन् खिडकी उघडी ठेवता. मंग भस खाईल नाही तर काय करंल?"

"अरे, हे गाडी होय!" भाऊजी ओरडले.

"तिले गाडी कायले समजते? तिले तनस समजते."

म्हैस पोट भरल्यावर स्वतःहून निघाली. मागे उरल्या स्प्रिंगा. आता ताई आकाशपाताळ एक करणार, म्हणून मी जरा लांब सरकलो. भाऊजींनी मूठभर उरलेलं तणस हातात घेतलं, वास घेतला आणि म्हणाले, "पाह्यलं? माल एक नंबर होता. भशीनं बी सोडला नाई."

ताई हसू दाबायला तलावाकडे तोंड करून उभी राहिली.

पुढच्या सीटवर तिघं दाटीवाटीने बसून मंडईत पोचलो. पाळणे, भजी, बांगड्या, आणि घराघरांत पाहुणे. पण अर्धी मंडई आमच्या गाडीभोवतीच जमली. एका म्हातारीने दारावर हात फिरवत ताईला विचारलं, "याच्यातच आली होतीस ना वो तू, रडत रडत?" गावाने भाऊजींना नारळ आणि नवा पांढरा दुपट्टा देऊन सत्कार केला. भाऊजींनी गर्दीतून गाडी इंच इंच पुढे नेत सगळ्यांना इंजिन ऐकवलं, तेही भर उन्हात. सत्कार झालेल्या माणसाला अडवणार कोण?

परतीच्या वाटेवर, तिरोड्याच्या अलीकडे, गाडी दोन आचके देऊन बंद पडली.

भाऊजींनी बॉनेट उघडलं. प्लग काढले, पुसले, लावले. कार्बुरेटर खोलला. स्टार्टर नुसता घरघरायचा. थोड्याच वेळात एक ट्रॅक्टरवाला थांबला. "काका, दोर हाये मायाकडं. गोंदियापावतर नेऊन देतो."

भाऊजींनी पाना खाली ठेवला. मग हात पुसून म्हणाले, "बांध बाबा. मधूभाऊ, तू पंच. तू सांगाच्या आधी मीच सांगतो. हरलो."

त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला फार वाईट वाटलं. निकाल माझ्या तोंडात सकाळपासून तयार होता, पण तो आता बाहेर येईना. ट्रॅक्टरवाला दोर उलगडायला लागला. ताई पुढच्या सीटवर गप्प बसली होती. तिने फक्त आणखी पाच मिनिटं तशीच गप्प बसायचं होतं.

ती खाली उतरली.

"इंजिनच्या पंपावर ओलं फडकं टाकलं का?"

"नवा पंप हाये तो! त्याले कायले फडकं पायजे?"

"नवा असो का जुना. उन्हात गर्दीत चालवला, तापला तो. आतल्या आत पेट्रोलची वाफ झाली. पहिले दर उन्हाळ्यात तुमीच ओलं फडकं टाकत होते ना? पानी कोन आनून देत होतं?"

तिने भाऊजींच्या खांद्यावरचा सत्काराचा दुपट्टा ओढला, पाण्याच्या बाटलीत बुडवला आणि इंजिनच्या कडेला पेट्रोल खेचणाऱ्या छोट्या पंपावर गुंडाळला. चर्र आवाज झाला.

"दोर ठेव बाबा तुयाजवळच," ताई ट्रॅक्टरवाल्याला म्हणाली. "नाही लागत."

दहा मिनिटांनी तिनेच सांगितलं, "आता मारा." गाडी खोकली, थरथरली आणि चालू झाली. ट्रॅक्टरवाल्याने शिट्टी मारली. अंगणात शिरताना भाऊजींनी उगाचच तीनदा हॉर्न वाजवला.

दुसऱ्या दिवशी मला स्टेशनवर सोडायला ताई एकटीच आली. भाऊजी सीटमध्ये काथ्या भरत होते. मी विचारलं, "जिंकत होतीस की. बोललीस कशाला?"

"जिंकून काय करू? पोर्च मोकळा झाला असता, अन् हा मानूस दिवसभर सैपाकघरात येऊन बसला असता, भाजीत मीठ किती टाकलं विचारत." मग पदराने उगाच घाम पुसत म्हणाली, "अन् तू त्याईचं तोंड नाही पाह्यलं का रे त्या रस्त्यावर? तसं तोंड घेऊन मी त्याईले घरी न्यावं का?"

पंचाचा निकाल अखेरपर्यंत कोणी मागितला नाही. ट्रेन सुटताना तसं ताईला सांगायला गेलो, तर ती हसून म्हणाली, "तुले वडे खायाले बोलावलं होतं."

पुण्याला घरी पोचलो. आमच्या गॅलरीत तीन जुने रेडिओ आहेत. मी दर सुट्टीत ते खोलतो, आणि एकही वाजत नाही. बायको फडक्याने ते एकेक पुसून परत जागच्या जागी ठेवत होती. इतकी वर्षं मला वाटायचं, तिचं त्यांच्याकडे लक्षच नाही. मी बॅग खाली ठेवली आणि दोघांसाठी चहा करायला आत गेलो.