हजेरीला वर केलेला हात

मे महिन्याच्या सुरुवातीला डोंबिवलीतल्या घशाच्या डॉक्टरांनी माझ्या नाकातून नळी घालून आतलं चित्र पडद्यावर दाखवलं. स्वरयंत्रावर दोन गाठी होत्या, तांदळाच्या कणीएवढ्या. "महिनाभर अजिबात बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने घसा जास्त ताणला जातो," ते म्हणाले. एवढं करूनही गाठी विरल्या नाहीत तर ऑपरेशन, आणि त्यानंतर आवाज पूर्वीसारखा होईलच असं सांगायला ते तयार नव्हते. मी दिवा स्टेशनजवळच्या शाळेत पहिलीची बाई. वर्गात साठ मुलं, खिडकीबाहेर रस्ता. पंचवीस वर्षं मी त्या रस्त्यावर मात करून ओरडत आले होते, आणि त्यातलं निम्मं ओरडणं 'गप्प बसा' एवढंच होतं. आवाज गेलेली बाई म्हणजे धार गेलेली विळी. मला फार भीती वाटली.

त्यातच उन्हाळी प्रशिक्षणाचं पत्र आलं. दहा दिवस, शहाडजवळच्या एका शाळेत. डॉक्टरांचा दाखला जोडून सूट मागता आली असती, पण ठाकुर्लीच्या घरात एकटीने घशाला हात लावत बसायची कल्पनाच नको वाटली. एका वहीच्या पहिल्या पानावर 'मला बोलायची मनाई आहे, ऐकू येतं' असं ठळक अक्षरात लिहिलं आणि गेले.

ऐकू येतं हे लिहूनही काही उपयोग झाला नाही. माझ्या बाकावर कल्याणच्या एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी पान वाचलं, मान हलवली, पर्समधून पेन काढलं आणि माझ्याच वहीत लिहिलं, 'चहा घेणार का?' पलीकडचे गुरुजी माझ्याशी बोलताना एकेक अक्षर सुटं करून ओरडत. मला हसू यायचं, पण हसण्यालाही आवाज लागतो, म्हणून मी तोंड दाबूनच हसायचे.

पहिल्या दिवशी हजेरी क्रमांकाने झाली. माझा तेविसावा. मार्गदर्शक तरुण होते, मान खाली घालून भराभर घेत होते. "तेवीस." मी हात वर केला. "तेवीस? गैरहजर," म्हणून ते चोविसावर गेले. माझे कान तापले. मी बाक वाजवला, शेजारच्या बाई उठून म्हणाल्या, "अहो सर, त्या इथेच आहेत, त्यांना बोलायची बंदी आहे." सरांनी "सॉरी, सॉरी" म्हणत खोडलं. सगळे माझ्याकडे वळून बघत होते. मी वहीत डोकं घातलं आणि मला माझ्या वर्गातली एकोणीस क्रमांकाची मुलगी आठवली.

ती वर्षभर वर्गात एक शब्द बोलली नव्हती. लिहायची छान, बेरजा बरोबर, पण तोंड बंद. "घरी पोपटासारखी बडबडते हो बाई," तिची आई सांगायची, त्यामुळे मला तो निव्वळ हट्ट वाटे. हजेरीला ती नुसता हात वर करायची. एका सकाळी माझं डोकं फिरलं. "हजर म्हण. नाहीतर गैरहजर लावीन." तिने मान खाली घातली. मी तिच्यासमोर गैरहजेरी लावली. दुपारी खिचडीच्या रांगेत ती दिसली नाही, बाकावरच बसलेली होती. का, म्हणून विचारलं तर शेजारची मुलगी म्हणाली, "बाई, ती आज गैरहजर आहे ना." मी तिला वाढून दिलं, आणि मग स्टाफरूममध्ये हा किस्सा हसून सांगितला. सगळे हसले होते.

शहाडच्या त्या बाकावर मला तो किस्सा राहून राहून आठवत होता. लाज वाटली, आणि ती सांगायला आवाज नव्हता.

पण त्या दहा दिवसांत सुखंही मिळाली, हे लपवणार नाही. कुणी तरी दुसऱ्याने फळा पुसायचा आणि आपण बघायचं. शेजारच्या बाई रोज कैरीच्या फोडी तिखटमीठ लावून आणायच्या. घशामुळे मला खायची बंदी, तर एकच फोड दोन बोटांत धरून वास घेत बसायची मला मुभा होती. माठातलं पाणी. दुपारी उल्हास नदीकडून येणारा वारा. चाळीस मास्तर-बाई बडबडगीत म्हणताना एक गुरुजी नेहमी अर्धी ओळ मागे राहायचे, ते मला मी गप्प असल्यामुळेच ऐकू आलं. एवढी वर्षं मी वर्गात बोलत होते, वर्ग ऐकला कधी होता?

सगळ्यांत मोठं सुख सकाळच्या हजेरीचं. दुसऱ्या दिवसापासून ते तरुण सर "तेवीस" म्हटल्यावर मान वर करायचे, माझ्या बाकाकडे बघायचे, हात दिसला की मान डोलावून पुढे जायचे. मी त्यासाठी वेळेआधी येऊन बसायला लागले.

जूनमध्ये डॉक्टरांनी पुन्हा नळी घातली. एक गाठ गेली होती, दुसरी अजून होती. ऑपरेशन दिवाळीपर्यंत लांबवू म्हणाले, तोवर मोजकं बोलायचं, ओरडायचं मुळीच नाही. आता जो आवाज आहे तोच राहील असं समजून चला, असंही म्हणाले. तो आवाज पहिल्या बाकापर्यंत जेमतेम पोहोचतो. घरी येताना मी रडले.

शाळा उघडली. माझाच वर्ग वर जाऊन दुसरी झाला होता, मुलं तीच आणि क्रमांकही तेच. मी हजेरी घ्यायला लागले तर माझा बारीक आवाज ऐकायला मुलं आपसूक पुढे वाकली. "एकोणीस," मी म्हटलं आणि मान वर केली. तिसऱ्या बाकावरून हात वर आला. वर्ग माझ्या तोंडाकडे बघत होता. मी हजेरी लावली.

"बाई, ती हजर बोललीच नाय!" मागून कुणी तरी ओरडलं.

"मला दिसली ना ती," मी म्हटलं, आणि वीस क्रमांक पुकारला.