सहावं घावन

“हीसुद्धा कडेपासूनच खाते.”

माझ्या मागे कोणीतरी हलकेच म्हणालं. मी तिसरं घावन खात होते, आणि खरंच कडेपासून. खानावळीत आपल्या खाण्यावर एवढी नजर असते हे मला ठाऊक नव्हतं. (मी त्याआधी खानावळीत कधी गेलेच नव्हते.)

मला तिथे आणलं होतं आमच्या ह्यांनी. लग्नाला तीन महिने झाले होते. डोंबिवलीहून आम्ही ठाण्याला ह्यांच्या मावशींकडे जेवायला म्हणून आलो, तर मावशींच्या दाराला कुलूप. आम्ही येत असल्याचं पत्र ह्यांच्याच खिशात निघालं. साडेबारा वाजून गेले होते. ह्यांना कचेरीत कोणीतरी सांगितलं होतं की टेंभी नाक्याच्या मागे एका घराच्या पडवीत खानावळ आहे. भला मोठा तवा, समोर पाट, तव्यावरचं थेट पानात. अशी जी पहिली पडवी दिसली तिथे ह्यांनी चपला काढल्या.

चुलीपाशी सोवळं नेसलेले एक म्हातारे गृहस्थ बसले होते.

“या,” ते म्हणाले. “वाटच पाहत होतो.”

“बघ,” हे माझ्या कानाशी लागले, “गिऱ्हाइकाशी बोलावं कसं, हे मुंबईच्या हॉटेलवाल्यांनी इथे येऊन शिकावं.”

एका बाईंनी माझ्या पायांवर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं. आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी शिकवलं होतं की परक्या जागी इतर करतात तसं करावं. पण आम्हा दोघांशिवाय इतर कोणी जेवतच नव्हतं. घरातली चार-पाच माणसं भिंतीला टेकून उभी होती आणि माझ्या हाताकडे बघत होती. अंगणाच्या गडग्यावर एक भरलेलं पान मांडलं होतं. त्यापुढेही कोणी नव्हतं.

म्हातारबुवा करवंटीच्या पळीने पीठ गोल फिरवायचे, झाकण ठेवायचे, वाफ मुरली की उलथणं घालून ते घावन अलगद माझ्या पानात. मग मी घास तोंडापर्यंत नेईस्तोवर त्यांचा श्वास थांबायचा. त्यांच्या मागे, धुरात, एका बाईंचा फोटो होता. धूर हलला की त्या बाई हलल्यासारख्या वाटायच्या. फोटोला हार होता, पण मला वाटलं, देवीच्या तसबिरीला घालतात तसा दर शुक्रवारी घालत असतील.

चौथ्या घावनाला, मघाशी पायांवर पाणी घातलेल्या बाईंनी माझ्या पाटाशेजारी हिरवं लुगडं, खण आणि नारळ आणून ठेवला.

“हे काय?” मी ह्यांना हळूच विचारलं.

“पहिल्यांदा येणाऱ्याला देत असतील. तू जेव गं.”

“वहिनी, सावकाश होऊ द्या,” त्या बाई वाकून म्हणाल्या. “आज अविधवा नवमी. आमच्या गेलेल्या सासूबाईंच्या नावाने जेवताय तुम्ही. गुरुजी म्हणाले होते, डोंबिवलीची सवाष्ण पाठवतो.”

माझा घास जिथे होता तिथेच राहिला. भुतांविषयी मी जे काही वाचलं होतं ते सगळं इंग्रजीत, आणि त्यातली भुतं कधी जेवायला बसत नव्हती. मी ह्यांना कोपराने ढोसलं.

“आता उठलो तर वाईट दिसेल,” हे पुटपुटले आणि त्यांनी वाटीभर नारळाचा गोड रस मागून घेतला.

पाचवं घावन संपलं. म्हातारबुवांनी पळी उचलली.

“वाढू?”

“पुरे,” मी म्हणाले. भूक होती. पण सासरी नव्या सुनेने पुरेच म्हणायचं असतं, आणि मला ती सवय लागली होती.

त्यांची पळी तशीच थांबली.

“हीदेखील असंच म्हणायची,” ते फोटोकडे न बघता म्हणाले. “सगळ्यांचं झालं की बसायची. फाटलेलं, करपलेलं स्वतःच्या पानात. आणि वर पुरे. चार वर्षं झाली, तिच्या पानाला कावळा शिवत नाही. काय राहिलंय तिचं, कळत नाही. म्हणून ह्या वयात तव्यापाशी बसलो.”

तेवढ्यात दारात एक लठ्ठशा बाई, धापा टाकत:

“उशीर झाला हो. डोंबिवलीची गाडी चुकली. गुरुजींनी पाठवलंय, सवाष्ण म्हणून.”

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. सूनबाई एक पाऊल मागे सरल्या. कोणीतरी रामनाम घेऊ लागलं. आयुष्यात मला पाहून कोणी घाबरलं असेल तर ते तेव्हाच. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांचं तोंड घावनाने इतकं भरलेलं होतं की त्यातून खुलासा बाहेर पडणं शक्य नव्हतं.

“मग तुम्ही कोण?” म्हातारबुवांनी विचारलं. ते भ्यायलेले दिसत नव्हते. उलट पुढे झुकले, अगदी तव्याच्या वाफेत. “कोण आलंय? काय हवं होतं? एकदा तोंडाने सांग. मी बसलोय.”

माझं नाव, ह्यांचं नाव, कुलूप लागलेल्या मावशी, खिशातलं पत्र, सगळं सांगायचं होतं. चार चांगली वाक्यं मनात जुळवलीही. (तीन इंग्रजीत.) तव्यावर सहावं घावन तयार होतं. कडा सुटल्या होत्या, जाळी सुरेख पडली होती. म्हातारबुवा माझ्याकडे बघत होते, अजून बघतच होते.

मी मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “अजून एक वाढा. आणि रस जरा जास्त घाला.”