पातळ काप

कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस असलेल्या मावशींना सगळे मावशीच म्हणत, शिकवणाऱ्या बाईसुद्धा. सव्वीस वर्षं त्यांचं एकच काम. गाजराच्या तुकड्याला चीर देऊन त्यात कोवळं खोड बसवायचं आणि वस्तऱ्याच्या पात्यानं काप काढायचे, इतके पातळ की पाण्यात पडलेला काप दिसूही नये. मग लाल रंगाचा थेंब. मायक्रोस्कोपखाली जलवाहिन्यांची तोंडं लालभडक उठून दिसायची.

तीन महिन्यांपूर्वी उजवा अंगठा थरथरू लागला. मावशींनी कुणाला पत्ता लागू दिला नाही, पण जीव थाऱ्यावर राहिना. लेकीसमोर त्या हात पदराखाली ठेवत आणि भर उन्हाळ्यात गारठा लागल्याचं सांगत.

प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी चाळीस स्लाइड हव्या होत्या. मावशी सकाळी सातलाच येऊन बसल्या. पहिला काप जाड, दुसरा तिरका, तिसरा मध्येच फाटला. उठायच्या, खिडकीशी जायच्या, परत बसायच्या. दुपारपर्यंत सूर्यफुलाच्या खोडांची अर्धी जुडी संपली आणि पातं अंगठ्यात घुसलं.

बाई आल्या तेव्हा बेसिनमध्ये कापांचा खच पडला होता. मावशींनी नजर चुकवत सांगून टाकलं, की हातानं दगा दिला. बाईंनी आधी अंगठ्याला पट्टी बांधली. मग म्हणाल्या, "उद्या मुलंच कापतील. तुम्ही फक्त शिकवा."

दुसऱ्या दिवशी मावशींचा पाय एका जागी ठरेना. कुणी पातं करवतीसारखं ओढलं की यांचीच बोटं वळवळत. तेवढ्यात एका मुलीनं मायक्रोस्कोपमधून डोकं वर काढलं. नळ्या आतून रिकाम्या होत्या. काप बिघडला असं तिला वाटलं.

"बिघडला नाही," मावशी म्हणाल्या. "त्या पेशी मेलेल्याच असतात. आतलं सगळं संपतं, मधल्या आडव्या भिंती जातात आणि एकावर एक जुळून लांब नळी होते. पानांतून पाणी उडून जातं, तसं मुळाकडचं वर ओढलं जातं."

"आणि मध्येच हवा शिरली तर?"

"तर ती नळी बंद पडते. पाणी बाजूच्या भिंतीतल्या बारीक खळग्यांतून शेजारच्या नळीत जातं."

मुलीनं ते वहीत उतरवलं. सव्वीस वर्षांत मावशींचं बोलणं कुणी पहिल्यांदाच लिहून घेत होतं. त्यांना बरं वाटलं.

त्या रविवारी त्यांनी लेकीला खरं काय ते सांगितलं. लेक चिडली, मग डॉक्टरकडे घेऊन गेली. गोळ्यांनी थरथर कमी होईल, पूर्ण जाणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. कमी म्हणजे पातं धरण्याइतकी का, हे मावशींनी तीनदा विचारलं.

आता कापायला शिकवण्याचा तास मावशींचाच असतो. तरी मुलं यायच्या आधी त्या रोज एक खोड घेऊन बसतात. मधूनच एखादा काप बरा निघतो. त्या तो उजेडाशी धरतात, निरखतात आणि लगेच दुसरा कापायला घेतात.