बेकसूरांची माळ

तारनाक्याच्या त्या म्हाताऱ्या मेकॅनिकचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याच्याकडे जाण्याआधी एका गॅरेजनं ऑक्सिजन सेन्सर बदलून दिला, तरी माझ्या गाडीचा इंजिनाचा दिवा पेटलेलाच होता. दोष शोधणारा स्कॅनर पुन्हा सेन्सरकडेच बोट दाखवत होता. माझं डोकंच चालेना.

म्हाताऱ्यानं स्कॅनरकडे बघितलंसुद्धा नाही. सेन्सरची वायर तो डोळे मिटून, वैद्य नाडी बघतो तशी, चाचपत गेला आणि एका जागी थांबला. सायलेन्सरच्या पाइपाला घासून ती आतून तुटली होती. त्यानं ती जोडली, डिकीत पडलेला माझा जुनाच सेन्सर बसवला आणि दिवा विझला.

"म्हणजे हा चांगला होता?"

"हौ साब. वो बराबर बोल रा था, रस्ते में बात कट री थी."

दुकानाच्या दारावर, लिंबू-मिरचीच्या जागी, जुन्या सेन्सरांची माळ लोंबत होती.

"आणि हे?"

"सब बेकसूर. लोगां निकाल के फेंक दिये."

का कोण जाणे, मला ऑफिसातली, मेल पोचला नाही म्हणून मीच कामावरून काढलेली मुलगी आठवली. मेल पाठवला होता, असं ती शेवटपर्यंत सांगत होती.